कुणालाच दुखवायचं नाही असं ठरलं तेव्हा: ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’चं प्रकरण

२१ डिसेंबर १९९० रोजी, नाताळच्या सुट्ट्यांचा मोसम साधून, ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ हा चित्रपट अमेरिकेत लागला. खर्च झाला होता सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर. तिथल्या तिकीटबारीवरून परत आले दीड कोटीच्या आसपास. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा, पडद्यावर टॉम हँक्स, ब्रूस विलिस, मेलनी ग्रिफिथ, मॉर्गन फ्रीमन, कॅमेऱ्यामागे विल्मॉस झिगमंड. आधाराला टॉम वुल्फ यांची अशी कादंबरी, जी लोक तीन वर्षं विकत घेत होते आणि जिच्यावरून भांडतही होते. इतकं सगळं हाताशी असून चित्रपट आपटला. आणि असा आपटला, की तो घडला कसा यावरच ज्यूली सॅलमन या पत्रकार बाईंचं ‘द डेव्हिल्स कँडी’ हे पुस्तक १९९१ मध्ये निघालं. डी पाल्मांनी त्यांना सेटवर मुक्तपणे वावरू दिलं होतं. त्यामुळे या अपयशाचा पंचनामा जितका तपशीलवार झालाय, तितका फार थोड्या चित्रपटांचा झाला असेल.

कोल्हापुरात बसून हे जुनं प्रकरण उकरायला निमित्त झालं ते एका पटकथेचं. शाहूपुरीतले एक गूळ व्यापारी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, एका मराठी कादंबरीचे हक्क घेण्याच्या बोलण्यात आहेत. बोलणी पुरी झालेली नाहीत, म्हणून कादंबरीचं आणि लेखकाचं नाव इथे देत नाही. कथा अशी: ऐन गळीत हंगामात, रात्री, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मुलाची गाडी एका ऊसतोड मजुराला उडवते. मजूर बीडकडचा. गाडीत मुलाच्या शेजारी बसलेली बाई त्याची बायको नव्हे. मग मुकादम, पोलीस, वकील, पत्रकार, विरोधी पॅनेल, जातीचे पुढारी, जो तो त्या अपघातावर आपली पोळी भाजून घेतो. वुल्फ वाचलेल्या कुणालाही हा सांगाडा ओळखीचा वाटेल, आणि लेखकाने ते कधी नाकारलेलं नाही.

पुस्तक आल्यावर ‘हे अमक्या घराण्यावरच लिहिलंय’ म्हणून तालुक्यात कुजबुज झाली, चर्चेचे कार्यक्रम रद्द झाले. दुसऱ्या बाजूने, ऊसतोड मजुरांमध्ये काम करणाऱ्या काही जणांनीही नाराजी दाखवली: चेअरमनचा मुलगा काय विचार करतो ते पानोपानी कळतं, मेलेल्या माणसाची बायको मात्र मुकी आहे.

पटकथा लिहिणाऱ्या मुलाने दोन्हीकडचा राग ऐकला आणि त्याच्या परीने तोडगे काढले. चेअरमनचा मुलगा मनाने चांगला, परिस्थितीत सापडलेला केला. आडनावं गाळली. आणि कादंबरीत नसलेली एक कलेक्टर बाई आणली, जी शेवटी सगळ्यांना बोलावून चार खडे बोल सुनावते. अण्णांना हा खर्डा पसंत होता. “सर, फक्त नजर टाका,” म्हणून तो माझ्याकडे आला, आणि तो वाचता वाचता मला हँक्सचा चेहरा दिसायला लागला. मग आम्ही पाच-सात जणांनी वुल्फची कादंबरी आणि तो चित्रपट शेजारी शेजारी ठेवून नीट तपासायचं ठरवलं.

कादंबरी

वुल्फ मुळात पत्रकार. ‘रोलिंग स्टोन’ या तेव्हाच्या पाक्षिकात त्यांनी १९८४-८५ मध्ये ही कथा २७ हप्त्यांत लिहिली. त्या हप्त्यांमधला शेर्मन मकॉय हा लेखक होता. पुस्तक करताना वुल्फनी त्याला वॉल स्ट्रीटवरचा रोखे विकणारा केलं, आणि या एका बदलाने कादंबरीला तिचा काळ सापडला. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा शेअर बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यानंतर काही आठवड्यांत पुस्तक दुकानांत आलं.

शेर्मन स्वतःला ‘मास्टर ऑफ द युनिव्हर्स’ समजतो. ही पदवी त्याने मुलीच्या खेळण्यातल्या बाहुल्यांवरून उचलली आहे. पार्क अव्हेन्यूवर आलिशान घर, वर्षाची कमाई ९,८०,००० डॉलर, तरीही घराच्या कर्जाचे हप्ते आणि मोठेपणाचे खर्च यांत तो कंगाल होत चाललाय. हा हिशेब वुल्फ कादंबरीत ओळ न ओळ मांडून दाखवतात आणि तो वाचताना हसू येतं. एका पावसाळी रात्री कुत्र्याला फिरवण्याचं निमित्त करून हा माणूस मैत्रिणीला फोन करायला बाहेर पडतो, आणि चुकून स्वतःच्याच घरी फोन लावून बायकोला विचारतो, ‘मारिया आहे का?’

हीच मारिया. तिला विमानतळावरून आणताना शेर्मन वळण चुकतो आणि मर्सिडीज साउथ ब्राँक्स या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत शिरते. वाटेत अडथळा टाकलेला, दोन कृष्णवर्णीय पोरं पुढे येतात. ती लुटायला आलीत की मदतीला, हे कादंबरी पक्कं सांगत नाही. झटापटीत मारिया गाडी हाकते, गाडीच्या मागच्या भागाचा एका पोराला धक्का लागतो, आणि हेन्री लँब नावाचा तो मुलगा पुढे कोमात जातो.

इथून पुढे प्रत्येकाला शेर्मन हवा असतो. सरकारी वकिलांच्या कचेरीत रोज गरीब काळ्या आणि लॅटिन आरोपींची रांग असते. निवडणूक तोंडावर आलेल्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नी एब वाइसला एक बडा गोरा आरोपी पाहिजे. हार्लेमच्या रेव्हरंड बेकनला आंदोलनाला मुद्दा पाहिजे. पीटर फॅलो या दारूत बुडालेल्या ब्रिटिश पत्रकाराला नोकरी टिकवायला बातमी पाहिजे. क्रेमर या कनिष्ठ सरकारी वकिलाला ज्युरीतल्या एका मुलीवर छाप पाडायची आहे.

आमच्यात सत्र न्यायालयातून निवृत्त झालेले एक नाझर होते. त्यांना सगळ्यात आवडला तो शेर्मनचा वकील टॉमी किलियन आणि त्याची ‘फेव्हर बँक’ची शिकवणी. फौजदारी कोर्टाचं सगळं जग उपकारांच्या खात्यावर चालतं, आधी भरणा करायचा, मग वेळ पडली की काढायचा. “ही बँक कसबा बावड्याच्या कोर्टात बी हाय आणि कारखान्यावर बी हाय, फक्त पासबुक मिळत न्हाई,” काका म्हणाले. वुल्फनी पुस्तक अर्पण केलंय ते एडी हेज या खऱ्याखुऱ्या वकिलाला, तेव्हा माल कुठून आला याचा अंदाज येतो.

शेवट सर्वांत कडू. न्यायाधीश कोव्हिट्स्की पुराव्याचा घोळ पाहून खटला काढून टाकतात, कोर्टाबाहेर दंगा होतो, आणि मग वर्षभरानंतरची एक वर्तमानपत्री बातमी दिली आहे. तिच्यात कळतं की लँब मेला, शेर्मनवर पुन्हा खटला उभा राहिला, त्याचं घर, पैसा, संसार गेला आणि आरोपी असणं हाच त्याचा धंदा झाला. सरळ वागणारा न्यायाधीश निवडणुकीत पडला. खोटं-खरं छापणाऱ्या फॅलोला पुलित्झर मिळालं. सातशेच्या आसपास पानांत ज्याच्या बाजूने उभं राहावं असा माणूस जवळजवळ सापडत नाही, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कारण वुल्फ प्रत्येकाच्या डोक्यात शिरून त्याच्याच भाषेत त्याचं स्वतःबद्दलचं कौतुक ऐकवतात. माणूस आतून दिसतो आणि म्हणून हास्यास्पद वाटतो.

आक्षेप, आणि त्यातला खरा भाग

त्या वर्षांतलं न्यूयॉर्क आधीच पेटलेलं होतं. डिसेंबर १९८४ मध्ये बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाने भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या. डिसेंबर १९८६ मध्ये हॉवर्ड बीच भागात गोऱ्या टोळक्याने पाठलाग केलेला मायकल ग्रिफिथ हा कृष्णवर्णीय तरुण हमरस्त्यावर गाडीखाली सापडून मेला. अशा शहरात ही कादंबरी आली, तेव्हा अनेकांना ती घाबरलेल्या गोऱ्या डोळ्यांनी पाहिलेली वाटली. बेकनमध्ये आंदोलनं करणारे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक अल शार्प्टन दिसले, कोव्हिट्स्कीमध्ये ब्राँक्सचे न्यायाधीश बर्टन रॉबर्ट्स दिसले.

माझ्या मते यातल्या बऱ्याच तक्रारी उपहासाच्या पुस्तकाला लागूच व्हायच्या. वुल्फनी गोऱ्या श्रीमंतांनाही सोडलेलं नाही. पण एक आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर नाही. शेर्मन, क्रेमर, फॅलो, सगळ्यांच्या डोक्यात वुल्फ शिरतात. हेन्री लँबच्या डोक्यात कधीच नाही, त्याच्या आईच्याही नाही. ज्याच्या अपघातावर सगळं पुस्तक उभं आहे तो मुलगा पानांमध्येही बेशुद्धच राहतो.

हे लक्षात ठेवून चित्रपटाकडे जायला हवं.

बदल

हक्क घेतले गेले साडेसात लाख डॉलरना. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओसाठी पीटर ग्युबर आणि जॉन पीटर्स ही निर्मात्यांची जोडी प्रकल्प जुळवत होती. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया ही चित्रपट कंपनी विकत घेतली तेव्हा हे दोघे तिकडचे प्रमुख होऊन निघून गेले. मागे राहिला तो त्यांनी जमवलेला घाट. ज्यांना तो का जमवला ते माहीत होतं, तेच गेले.

घाटातला पहिला निर्णय हँक्स. ‘बिग’ (१९८८) नंतर हा अमेरिकेचा लाडका, निरागस चेहऱ्याचा नट. शेर्मनचा अहंकार लोकांना सहन व्हावा म्हणून तो घेतला. मग फॅलो. कादंबरीत तो ब्रिटिश आहे, उपरा आहे, अमेरिकन श्रीमंतांच्या ताटातलं फुकट खातो आणि त्यांच्यावर मनातून थुंकतो. चित्रपटात तो झाला अमेरिकन, ‘डाय हार्ड’वाला ब्रूस विलिस, आणि सगळ्या कथेचं निवेदन त्याच्याकडे दिलं. पटकथाकार मायकल क्रिस्टोफर यांनी कथा सुरूच केली ती फॅलोच्या सत्कारापासून. म्हणजे पहिल्या मिनिटालाच कळतं, की हा शेवटी जिंकणार आहे आणि त्याला थोडी लाजही वाटते आहे.

मग न्यायाधीश. वॉल्टर मॅथ्यू यांनी दहा लाख डॉलर मागितले, म्हणून त्यांच्याऐवजी अॅलन आर्किन यांना कमी पैशांत घेतलं. आणि नंतर आर्किनना काढून मॉर्गन फ्रीमनना आणलं. ज्यू न्यायाधीश कोव्हिट्स्की कृष्णवर्णीय न्यायाधीश व्हाइट झाले. कारण उघड होतं: चित्रपट वंशद्वेषी आहे असं कुणी म्हणू नये. ब्राँक्स या शहरविभागाचे निवडून आलेले अध्यक्ष फर्नांडो फेरर यांनी तिथल्या चित्रीकरणावर आधीच आवाज उठवला होता. आणि शेवटी, कोर्टात एक ध्वनिफीत वाजते, शेर्मन ती आपलीच म्हणून सांगतो, सुटतो, आणि न्यायाधीश उपस्थितांना सभ्यपणावर व्याख्यान देतात. आजीने शिकवलेला तो सभ्यपणा, घरी जा आणि माणसासारखे वागा, अशा आशयाचं.

यातला एकेक बदल वेगळा काढून बघितला तर वेडेपणाचा एकही नाही. पाच कोटींकडे चाललेला खर्च भरून काढायला मोठा नट लागतो. मोठा नट घेतला की तो तिरस्करणीय दाखवून चालत नाही. तो बरा माणूस झाला की त्याच्या सुटकेत आनंद हवा. आनंद झाला की तो अन्यायाचा वाटू नये म्हणून कुणीतरी नैतिक बोलायला हवं. एक कडी दुसरीला ओढत गेली.

आणि तो खरा आक्षेप? हेन्री लँब चित्रपटातही खाटेवर पडूनच आहे. त्याची आई आधीइतकीच परकी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आंधळी जागा होती मुलाच्या आणि त्याच्या आईच्या ठिकाणी, आणि दुरुस्ती केली न्यायाधीशाच्या खुर्चीवर. फ्रीमन हे थोर नट आहेत, त्यांच्या आवाजात ते भाषण ऐकायला वाईटही वाटत नाही. पण ते ज्या मुलाबद्दल आहे तो आम्हाला कुणी दाखवलेलाच नाही. उलट, कृष्णवर्णीय प्रेक्षकाला ‘तुमचाच माणूस बघा काय सांगतोय’ असं ऐकवल्यासारखं ते वाटतं.

डी पाल्मांची कारागिरी कुठे कमी नव्हती. सुरुवातीला फॅलो झिंगत झिंगत इमारतीच्या पोटातून समारंभात पोचतो, तो सलग न तोडलेला शॉट जवळजवळ पाच मिनिटांचा आहे. कॉनकॉर्ड विमान मावळत्या सूर्यासमोर उतरतं ते दुसऱ्या युनिटच्या एरिक श्वॉबचं काम, सूर्य, धावपट्टी आणि विमान एका रेषेत येण्याचा क्षण हिशेब करून पकडलेला. चित्रनगरीत मालिकांवर सहायक दिग्दर्शक असलेली आमच्यातली मुलगी तो शॉट पुन्हा पुन्हा लावून बघत बसली. पण वाइड लेन्सने खालून घेतलेले चेहरे, ताणलेली तोंडं, मोठे आवाज यांनी पात्रं बाहेरून व्यंगचित्रासारखी दिसतात. वुल्फ हसवतात ते आतून. पुस्तकाचा विनोद पडद्यावर येताना असा पालथा झाला, हे अपयशाचं दुसरं कारण, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते.

समीक्षकांनी झोडपलं, वर्षातल्या वाईट चित्रपटांच्या रॅझी पुरस्कारांत नामांकनं मिळाली. डी पाल्मांनी स्वतः नंतर कबूल केलं, की हा चित्रपट अधिक काळाकुट्ट आणि तिरकस करायला हवा होता, पण इतका पैसा गुंतल्यामुळे शेर्मनला माणसाळवत गेलो. वुल्फ चित्रपटाच्या लिखाणापासून दूर राहिले होते, पैसे घेऊन मोकळे.

शाहूपुरीतली चर्चा

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच मुद्दा काढला. “वाईट माणसाचा वाईट शेवट बघायला पैसे देऊन कोण येणार? कागलच्या आनंद यादवांचं ‘नटरंग’ चाललं की नाही २०१० ला? त्यातला माणूस लोकांना आवडला म्हणूनच ना?”

मुद्दा हलका नाही. ‘नटरंग’मधला गुणा दुखावला जातो, पण तो कुणाला लुबाडत नाही. त्याच्या मागे उभं राहता येतं. चेअरमनचा मुलगा त्या तऱ्हेचा माणूस नाहीच. त्याला गुणा करायला गेलं तर कादंबरी विकत घ्यायची कशाला, हा माझा प्रश्न. पटकथाकार मुलगा म्हणाला, “सर, पण पहिली दहा मिनिटं तरी त्याच्याबरोबर बसावं वाटलं पाहिजे की.” बरोबर आहे. वुल्फनीही तेच केलंय. चुकीचा नंबर फिरवणाऱ्या शेर्मनबरोबर आपण बसतोच, तो आवडतो म्हणून नव्हे, त्याची फजिती आपल्याला ओळखीची वाटते म्हणून. मुलाला हा फरक पटला, निदान त्याने वहीत तरी लिहून घेतला.

नाझर काका भाषणाच्या बाजूने होते. कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला शेवटी कुणीतरी खरं बोलावं असं वाटणारच. मी त्यांना कादंबरीच्या सुरुवातीचा प्रसंग आठवून दिला: गाडीतले कैदी कोव्हिट्स्कींची टिंगल करतात आणि हे न्यायाधीश भर रस्त्यात उलटून शिव्या घालतात, गाडीवर थुंकतात. या माणसाने शेवटी कायदा पाळला तर तो भारी वाटतो. देवमाणसाने पाळला तर त्यात काय. काका हसले, पण भाषणाचा हट्ट काही त्यांनी सोडला नाही.

अण्णांना उत्तर म्हणून मी कोल्हापूरचे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं नाव काढलं. खरी कॉर्नरजवळच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून आपण रोज जातो. त्या माणसाने १९२५ मध्ये हरि नारायण आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ केला. शेतकरी सावकाराच्या कर्जात जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. शेवटी कुणी सावकाराला उपदेश करत नाही, जमीन परत मिळत नाही. पण या उदाहरणाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांनी ‘सावकारी पाश’ला तशी साथ दिली नाही. पेंटरांना मात्र तो विषय सुटला नाही, १९३६ मध्ये त्यांनी तो बोलपटात पुन्हा केला.

“म्हणजे कडू ठेवलं तरी बुडणार, गोड केलं तरी बुडणार,” अण्णा म्हणाले. धंद्याचा माणूस, त्यांनी हिशेब बरोबर केला. फरक फक्त इतका, की पेंटरांच्या कंपनीत कॅमेरा घरचा होता आणि माणसंही घरची. वॉर्नरच्या चित्रपटात खर्चच इतका, की तो आकडा पटकथेत ढवळाढवळ करत होता. अण्णांचं बजेट अजून त्या मधल्या टप्प्यावर आहे जिथे मोठा नट घ्यावा की नाही हे ठरायचंय. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. अण्णा ‘बघू’ म्हणाले आहेत.

बाकी काही गोष्टी हलल्या. कलेक्टर बाईंचं भाषण नव्या खर्ड्यातून गेलं. बाई आहेत, पण आता त्यांचीही बदली टाळायची धडपड चालू आहे, म्हणजे तीही बाकीच्यांसारखीच एक. चेअरमनच्या मुलाचा चांगुलपणा काढला. आडनावं परत आली नाहीत, त्यावर वकिलांचा सल्ला घ्यायचाय. आणि मजुराच्या बायकोला तिचे स्वतःचे प्रसंग मिळाले: उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, फिटायच्या आत जोडीतला एक जण गेला तर मुकादम पुढच्या हंगामाचा हिशेब कसा लावतो, ते तिच्या बाजूने.

घोळ झाला तो इथे. कादंबरीकारांना कलेक्टर बाई चालली होती, भाषणालाही त्यांनी फार खळखळ केली नव्हती. पण हे नवे प्रसंग त्यांना मान्य नाहीत. त्यांचं म्हणणं, “माझ्या पुस्तकात ती गप्प आहे कारण तिला कुणी काही विचारतच नाही. तिला बोलतं केलंत तर वाचकाला जी लाज वाटायला पाहिजे ती वाटणार नाही.” या युक्तिवादात दम आहे, आणि वुल्फच्या बचावासाठीही तो वापरता येईल. मला तो पूर्ण पटत नाही. गप्प ठेवणं आणि डोक्यात न शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ती न बोलताही कॅमेरा तिच्याबरोबर राहू शकतो. सहायक दिग्दर्शक मुलीने त्या दिशेने, संवाद जवळजवळ काढून, ते प्रसंग पुन्हा लिहायला घेतले आहेत. ते लेखकांना पाठवायचे, आणि त्यांच्या उत्तरानंतरच हक्कांच्या करारावर सही करायची, असं अण्णांनी सांगितलंय.